नदीतल्या रेडॉनची साक्ष

पाऊस थांबून चार-पाच महिने उलटल्यावरही जी नदी वाहत राहते, ती जमिनीतून आलेल्या पाण्यावर वाहते. वरच्या अंगाला बर्फ नसेल, धरणातून पाणी सोडलेलं नसेल, गावांचं सांडपाणी येऊन मिळत नसेल, तर त्या पाण्याला दुसरा उगमच उरत नाही. हे तत्त्व कोणी नाकारत नाही. अडचण पुढच्या प्रश्नापाशी सुरू होते: हे पाणी नदीला नेमकं कुठे मिळतं आणि किती? ओढा येऊन मिळतो तेव्हा त्याचं मुख दिसतं, त्याचा प्रवाह मोजता येतो. भूजल मात्र पात्राच्या तळातून, काठाच्या भेगांतून, कित्येक किलोमीटर पसरून पाझरतं. एखाद्या डोहापाशी झरा दिसतो, पण बहुतेक पाणी कोणाच्या लक्षात न येता नदीत उतरतं. दिसत नाही म्हणून ते हिशेबातही येत नाही. विहिरींचं पाणी एका खात्यात आणि नदीचं पाणी दुसऱ्या खात्यात मांडायची सवय आपल्या कायद्याला आणि कारभाराला लागली, तिच्या मुळाशी हे न दिसणंच आहे. या लेखाचं म्हणणं असं की हे पाणी आता ओळखता येतं. खडकांत निसर्गतःच असलेल्या किरणोत्सारामुळे भूजलाला एक खूण मिळते, ती नदीच्या पाण्यात मोजता येते, आणि ती मोजल्यावर ही दोन खाती वेगळी ठेवण्याला शास्त्रीय आधार राहत नाही.

ही खूण म्हणजे रेडॉन-222 हा वायू. जवळजवळ प्रत्येक खडकात आणि मातीत युरेनियमचा अंश असतो. युरेनियम-238 चं अर्धायुष्य सुमारे 4.47 अब्ज वर्षं, म्हणजे जवळपास पृथ्वीच्या वयाइतकं. त्यामुळे आरंभीच्या साठ्यापैकी निम्मा आजही शिल्लक आहे आणि अतिशय संथपणे विघटतो आहे. त्या विघटनाच्या साखळीत पुढे रेडियम-226 येतं. त्याचं अर्धायुष्य 1,600 वर्षांचं. रेडियमच्या अणूचं विघटन झालं की रेडॉन जन्मतो. साखळीतली त्याच्या आधीची सगळी मूलद्रव्यं धातू आहेत, खनिजात किंवा कणांच्या पृष्ठभागावर अडकून बसणारी. रेडॉन एकटाच वायू, आणि तोही निष्क्रिय: तो कशाशी संयोग पावत नाही, मातीला चिकटत नाही, सूक्ष्मजीव त्याला खात नाहीत. विघटनाच्या वेळी अल्फा कण एका बाजूला फेकला जातो आणि नव्या रेडॉन अणूला उलट दिशेचा धक्का बसतो. त्या धक्क्याने तो खनिजाच्या आत काही डझन नॅनोमीटरच सरकतो, म्हणून कणाच्या अगदी पृष्ठभागालगत जन्मलेलेच अणू बाहेरच्या पाण्यात येऊ शकतात. पण खडकाच्या भेगा आणि वाळूचे कण यांचा पाण्याशी संपर्क एवढा मोठा असतो की तेवढे अणू पुरतात. पावसाचं पाणी जमिनीत मुरलं की त्यात रेडॉन साठू लागतो. एकीकडे नवा मिसळतो, दुसरीकडे असलेला विघटतो, आणि साधारण तीन आठवड्यांत दोन्हींचा तोल जमतो. त्यानंतर ते पाणी जमिनीत दहा वर्षं राहो की हजार वर्षं, त्यातला रेडॉन त्या खडकाने ठरवून दिलेल्या पातळीवर राहतो.

हेच पाणी नदीत आलं की उलट क्रिया सुरू होते. हवेत रेडॉन नगण्य असतो, त्यामुळे पाण्यातला वायू पृष्ठभागावरून निसटू लागतो. जो निसटत नाही तो 3.82 दिवसांत निम्मा होतो. म्हणून भूजलात दर घनमीटरला हजारो, कधी लाखो बेकरेल (सेकंदाला एक विघटन म्हणजे एक बेकरेल) रेडॉन असतो, तर भूजल मिळत नसलेल्या नदीच्या पट्ट्यात तो काही दशकांवर येतो. दोन पाण्यांमधला हा फरक शेकडो पटींचा आहे. क्षार, तापमान, कठीणपणा यांतही नदीचं पाणी आणि विहिरीचं पाणी वेगळं असतं, पण तो फरक सहसा दुप्पट-तिप्पट असतो. शिवाय नदीत एकदा आलेला क्षार पुढे शेकडो किलोमीटर तसाच वाहतो, त्यामुळे तो आत्ता इथे मिसळला की वर पन्नास किलोमीटरांवर, हे कळत नाही. रेडॉन टिकत नाही, हाच त्याचा खरा उपयोग आहे. नदीच्या एखाद्या पट्ट्यात तो सापडला, तर भूजल जवळच कुठेतरी आणि नुकतंच मिसळलेलं असलं पाहिजे.

विहिरीच्या पाण्यात किरणोत्सारी वायू असतो हे जे. जे. थॉमसन यांनी 1903 मध्येच नोंदवलं होतं, म्हणजे रेडिओअॅक्टिव्हिटीचा शोध लागून जेमतेम सात वर्षं झाली होती. नदी-नाल्यांत त्याचा माग घेण्याचं पद्धतशीर काम मात्र बरंच नंतर झालं. अमेरिकेच्या भूशास्त्र सर्वेक्षण संस्थेचे अॅलन रॉजर्स यांनी युटा राज्यात सॉल्ट लेक सिटीजवळच्या वासाच डोंगरातल्या ओढ्यांत रेडॉन मोजला आणि 1958 मध्ये त्याचा अहवाल प्रसिद्ध केला. ओढ्याच्या कडेने खाली येताना काही ठिकाणी रेडॉन एकदम उसळतो आणि मग खळाळत्या पाण्यातून निसटत निसटत उतरत जातो, असं चित्र त्यात दिसलं. ही उसळी म्हणजे पाझराची जागा.

या उसळीचं मोल आकड्यांत पाहिलं तरच नीट लक्षात येतं. उदाहरणादाखल अशी नदी घेऊ जिचा उन्हाळी प्रवाह सेकंदाला 1,000 लिटर आहे आणि तिच्या पाण्यात दर घनमीटरला 100 बेकरेल रेडॉन आहे. काठच्या विहिरींत 10,000 बेकरेल आहे. अर्धा किलोमीटर खाली नदीतला आकडा 600 झाला. या छोट्या अंतरातली गळती तूर्त बाजूला ठेवून साधं मिश्रणाचं गणित केलं, तर मधल्या पट्ट्यात सेकंदाला सुमारे 53 लिटर भूजल मिसळलं असं निघतं. आता हेच पारंपरिक पद्धतीने शोधायचं, तर दोन्ही टोकांना प्रवाहमापक यंत्राने नदीचा प्रवाह मोजावा लागेल: वर 1,000, खाली 1,053. पण नैसर्गिक, खडकाळ पात्रात प्रवाहमापनात पाच टक्क्यांची चूक ही चांगल्या मोजणीतली चूक समजली जाते. म्हणजे जो फरक शोधायचा तो मोजणीच्या चुकीतच बुडून जातो. तोच फरक रेडॉनच्या आकड्यात सहापट होऊन समोर येतो. 53 लिटर ही किरकोळ भर वाटेल, पण दिवसाला ती सुमारे 46 लाख लिटर होते, आणि मे महिन्यात नदी वाहते की डबक्यांत तुटते हे अशाच भरींवर ठरतं.

मोजणीची पद्धत समजायला अवघड नाही. नदीचं पाणी पंपाने उचलून बंद भांड्यात फवारतात, त्यातला रेडॉन आतल्या हवेत येतो, ती हवा शोधकातून फिरवतात. रेडॉनच्या विघटनातून तयार होणारं पोलोनियम-218 अवघं तीन मिनिटांच्या अर्धायुष्याचं असतं; त्याचे अल्फा कण शोधक मोजतो. हे यंत्र होडीत बसवून नदी उतरता येते आणि वाटेत आकडे मिळत जातात. होडी जात नसेल तिथे बाटलीत नमुना घेतात. तो घेताना पाणी खळखळू द्यायचं नाही, बाटलीत हवेचा बुडबुडा राहू द्यायचा नाही, नमुन्याची वेळ मिनिटापर्यंत लिहायची आणि चार-पाच दिवसांच्या आत प्रयोगशाळा गाठायची. निष्काळजीपणे भरलेल्या बाटलीतला रेडॉन प्रयोगशाळेत पोचण्याआधीच उडालेला असतो, आणि मग नदीला भूजल मिळत नाही असा खोटा निष्कर्ष निघतो. या कामात यंत्राइतकंच महत्त्व बाटली भरणाऱ्या हाताला आहे.

ऑस्ट्रेलियाच्या नॉर्दर्न टेरिटरीतली डेली नदी हे या पद्धतीचं मला सर्वांत बोलकं वाटणारं उदाहरण, कारण तिथलं हवामान मोसमी आहे. वर्षाचा जवळजवळ सगळा पाऊस नोव्हेंबर ते एप्रिल या काळात पडतो आणि मग कोरडे महिने येतात. तरीही डेली बारमाही आहे. तिच्या खोऱ्यात टिंडाल चुनखडक आणि ऊलू डोलोमाइट असे दोन मोठे जलधर खडक आहेत. ते पावसाळ्यात भरतात आणि उरलेलं वर्ष नदीला पोसतात. पीटर कुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कोरड्या हंगामात या नदीचं पाणी ठिकठिकाणी तपासलं. रेडॉनबरोबर त्यांनी क्षार मोजले आणि क्लोरोफ्लुरोकार्बन वायूही मोजले. हे मानवनिर्मित वायू विसाव्या शतकाच्या मध्यानंतर हवेत वाढले, म्हणून जुन्या भूजलात ते कमी असतात. रेडॉन भूजलात जास्त आणि नदीतून हवेत जाणारा. क्लोरोफ्लुरोकार्बन जुन्या भूजलात कमी आणि हवेतून नदीत येणारा. एकाच पाण्यात दोन वायू विरुद्ध दिशांनी सरकतात, आणि दोघांचा माग एकाच उत्तराकडे नेतो का, हे तपासता येतं. एकट्या आकड्यावर विसंबण्यापेक्षा ही उलटतपासणी मोलाची. त्यातून भूजल कोणत्या पट्ट्यांत येतं आणि किती येतं, याचा अंदाज नदीच्या लांबीवर मांडता आला. या खोऱ्यातल्या कॅथरीन भागासाठी 2009 मध्ये टिंडाल जलधराचा पाणीवाटप आराखडा झाला, तेव्हा विहिरींना किती उपसा करू द्यायचा हे ठरवताना नदीचा कोरड्या हंगामातला प्रवाह विचारात घेतला गेला. त्या आराखड्यातले आकडे पुरेसे कडक होते का, यावर तिथे वाद झाले. पण विहीर आणि नदी एकाच कागदावर आली, ही गोष्ट आपल्याकडे अजून व्हायची आहे.

रेडॉन उलट दिशेचा प्रवासही दाखवतो. नदीचं पाणी काठाच्या वाळू-गोट्यांत शिरतं तेव्हा त्यात रेडॉन जवळजवळ नसतो. जमिनीत गेल्यापासून तो ठरलेल्या वेगाने वाढू लागतो. काठच्या विहिरीतला रेडॉन पूर्ण पातळीच्या निम्म्यावर असेल, तर ते पाणी नदी सोडून सुमारे चार दिवस झाले आहेत. एडुआर्ड होन आणि हान्स रुडोल्फ फॉन गुंटेन यांनी स्वित्झर्लंडमधल्या ग्लाट नदीकाठी 1989 मध्ये हे दाखवून दिलं. हे घड्याळ दोन-अडीच आठवड्यांपर्यंतच चालतं, पुढे रेडॉनचा तोल जमल्यामुळे वय कळत नाही. पण तेवढा पल्ला फार कामाचा आहे. नदीकाठच्या विहिरीतून पिण्याचं पाणी घ्यायचं, तर रोगजंतू मरायला पाण्याने जमिनीत काही काळ काढणं आवश्यक असतं. स्वित्झर्लंडमध्ये त्यासाठी किमान दहा दिवसांचा आणि जर्मनीत पन्नास दिवसांचा निकष धरून विहिरीभोवतीचं संरक्षित क्षेत्र आखतात. दहा दिवसांचा निकष पाळला जातो की नाही, हे रेडॉन थेट सांगतो. नदीपात्रातल्या विहिरींवर पाणीयोजना चालणाऱ्या आपल्या गावांना या परीक्षेची गरज किती आहे, हे वेगळं सांगायला नको.

आता आक्षेपांकडे वळतो, कारण या पद्धतीचे जाणते टीकाकार तिच्या अभ्यासकांमध्येच आहेत. पहिला आक्षेप गळतीचा. नदीतून रेडॉन किती वेगाने हवेत जातो हे पाण्याचा वेग, खोली, खडखडाट आणि वारा यांवर ठरतं. उथळ, खळाळत्या ओढ्यात उसळी काहीशे मीटरांत विरते; संथ, खोल नदीत ती कित्येक किलोमीटर टिकते. गळतीचा अंदाज चुकला की आवकेचा अंदाज त्याच प्रमाणात चुकतो. हा आक्षेप खरा आहे आणि सूत्रांमधून काढलेल्या अंदाजांवर समाधान मानणाऱ्या अभ्यासांना तो पुरेपूर लागू पडतो. त्यावर उपाय आहे तो गळती प्रत्यक्ष मोजण्याचा: सल्फर हेक्झाफ्लोराइडसारखा निष्क्रिय वायू मोजक्या मात्रेत नदीत सोडायचा आणि तो खालच्या अंगाला किती वेगाने उडतो ते पाहायचं. न्यू साउथ वेल्समधल्या कॉकबर्न नदीवर कुक यांच्याच गटाने 2006 मध्ये हे केलं.

त्याच अभ्यासातून दुसरा, अधिक खोल आक्षेप पुढे आला. नदीचं पाणी तळाच्या वाळूत शिरतं, थोडा वेळ फिरतं आणि पुन्हा नदीतच बाहेर येतं. त्या फेरफटक्यात ते रेडॉन उचलतं. हे पाणी नदीचंच. त्याने प्रवाहात एका थेंबाची भर पडलेली नसते. पण रेडॉनच्या आकड्यात ते भूजल म्हणून मोजलं जातं. ही देवाणघेवाण दुर्लक्षित ठेवली तर भूजलाची आवक बरीच फुगवून सांगितली जाते, असं कॉकबर्नवर दिसलं. मला हा सर्वांत गंभीर आक्षेप वाटतो. तो टाळता येत नाही. सोबत क्षारांचं मोजमाप ठेवून आवरता येतो. वाळूत फिरून आलेल्या नदीच्या पाण्यात रेडॉन वाढतो पण क्षार वाढत नाहीत. खऱ्या भूजलाने दोन्ही बदलतात. जमिनीत खूप खोलवर, खूप काळ राहिलेलं पाणी ओळखायचं असेल तर हेलियमही मदतीला येतो. युरेनियम आणि थोरियमच्या विघटनात निघणारा प्रत्येक अल्फा कण म्हणजे हेलियमचं अणुकेंद्रच. रेडॉन तीन आठवड्यांत थांबतो, हेलियम हजारो वर्षं साठत राहतो. ऑस्ट्रेलियातल्याच फिट्झरॉय नदीत 2011 मध्ये या हेलियमवरून खोल, प्रादेशिक भूजलाची आवक वेगळी काढली गेली. वाळूत दोन दिवस राहिलेल्या पाण्याला हेलियम साठवायला वेळच मिळत नाही.

तिसरा आक्षेप महाराष्ट्रातला वाचक हमखास घेईल. राज्याचा सुमारे 80 टक्के भाग दख्खनच्या बेसाल्टने झाकलेला आहे आणि बेसाल्टात युरेनियम फार थोडं असतं: ग्रॅनाइटमध्ये सहसा दर दहा लाख भागांत तीन-चार भाग, बेसाल्टमध्ये एकाहूनही कमी. मग इथल्या भूजलात खूण उमटणार तरी किती? कर्नाटकातल्या ग्रॅनाइटच्या मुलखापेक्षा कमी उमटेल, हे खरं. पण या पद्धतीला रेडॉनचा मोठा आकडा नको असतो, दोन पाण्यांमधला फरक हवा असतो, आणि नदीची बाजू नेहमीच शून्याजवळ असते. हवाई बेटांचा कोना किनारा आणि दक्षिण कोरियाचं जेजू बेट, दोन्ही ज्वालामुखीच्या बेसाल्टची. दोन्हीकडे रेडॉन आणि रेडियम वापरून समुद्रात जाणाऱ्या भूजलाचे यशस्वी अभ्यास झाले आहेत. खरी अडचण वेगळीच आहे. बेसाल्टचे थर एकावर एक, कुठे घट्ट कातळ, कुठे सच्छिद्र, कुठे मुरूम. एका विहिरीतल्या रेडॉनचा आकडा शेजारच्या विहिरीला लागू होईलच असं नाही. भूजलाचा आकडा चुकीचा धरला की वरचं 53 लिटरांचं उत्तर सहज 30 किंवा 100 होतं. म्हणून नदीकडे जाण्याआधी तिच्या काठच्या बऱ्याच विहिरी, झरे आणि पात्रातले झिरे तपासावे लागतात. ते न करता काढलेल्या नकाशावर पाझराच्या जागा बरोबर असतील, आवकेच्या प्रमाणावर मात्र विश्वास ठेवू नये.

मोजलेलं भूजल म्हणजे नक्की कोणतं पाणी, हा प्रश्न समुद्रकिनाऱ्यावर सगळ्यात तीव्रपणे लढला गेला. तिथे साधन रेडियम. गोड्या पाण्यात रेडियम मातीच्या कणांना चिकटून राहतं, खाऱ्या पाण्यात सुटतं. आणि त्याचे चार नैसर्गिक समस्थानिक 3.66 दिवसांपासून 1,600 वर्षांपर्यंतच्या अर्धायुष्यांचे असल्यामुळे किनाऱ्याचं पाणी किती काळात खुल्या समुद्रात मिसळतं हेही त्यांवरून काढता येतं. विलर्ड मूर यांनी 1996 मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवलं की अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्यालगत समुद्रात एवढं रेडियम-226 आहे की ते नद्यांमधून आलेलं असू शकत नाही, त्याचा हिशेब लावायचा तर नद्यांच्या प्रवाहाच्या सुमारे 40 टक्के इतकं पाणी जमिनीतून समुद्रात येत असलं पाहिजे. त्याच वर्षी, त्याच नियतकालिकात पॉल यंगर यांनी हरकत घेतली: एवढं गोडं पाणी त्या किनाऱ्याच्या पावसातून निघणं शक्य दिसत नाही, यातलं बरंचसं समुद्राचंच पाणी वाळूत जाऊन परत येत असणार. दोघांच्या म्हणण्यात तथ्य होतं. 2008 मध्ये मूर यांच्या गटाने अटलांटिक महासागरात जमिनीतून येणारं एकूण पाणी नद्यांच्या 80 ते 160 टक्के असल्याचं मांडलं. तर 2020 मध्ये एल्को लुइजेंडाइक आणि सहकाऱ्यांनी जगभरच्या किनाऱ्यांचं गणित करून त्यातलं गोडं पाणी नद्यांच्या तुलनेत एक टक्क्याहूनही कमी असल्याचा अंदाज दिला. हे आकडे परस्परांना खोडत नाहीत. एक सगळं फिरणारं पाणी मोजतो, दुसरा त्यातला पावसाचा वाटा. समुद्रात जाणाऱ्या नायट्रेटचा प्रश्न असेल तर पहिला आकडा कामाचा, किनाऱ्यावरच्या विहिरींतून किती उपसता येईल हा प्रश्न असेल तर दुसरा. भारतात भाभा अणुसंशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी केरळच्या विझिंजम किनाऱ्यावर रेडॉनच्या साहाय्याने असा अभ्यास केला आणि 2009 मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये मांडला. म्हणजे हे कौशल्य मुंबईत ट्रॉम्बेला उपलब्ध आहे.

किरणोत्सार या शब्दाने दचकणाऱ्यांसाठी थोडक्यात: या पद्धतीत पाण्यात किरणोत्सारी काहीही टाकलं जात नाही. जे आधीच आहे तेवढंच मोजलं जातं. रेडॉनचा धोका खरा आहे, पण तो बंद, वारा न खेळणाऱ्या घरांत साठलेल्या हवेचा. तिथे तो फुप्फुसाच्या कर्करोगाचं कारण ठरतो. उघड्या नदीवर तो क्षणात विरतो.

आता मूळ मुद्द्याकडे. कृष्णा पाणीतंटा लवादाने, म्हणजे बच्छावत लवादाने, 1973 च्या निवाड्यात महाराष्ट्र, कर्नाटक आणि आंध्र प्रदेश यांच्यात नदीचं पाणी अब्ज घनफुटांत मोजून वाटलं. महाराष्ट्राच्या वाट्याला 560 अब्ज घनफूट आलं. त्याच निवाड्यात असंही घोषित केलं की खोऱ्यातलं भूजल वापरायला तिन्ही राज्यं मोकळी आहेत आणि तो वापर कृष्णेच्या पाण्याचा वापर धरला जाणार नाही. त्याच्याही मागे 1882 चा सुविधाधिकार कायदा आहे. ठराविक पात्रातून न वाहणारं जमिनीखालचं पाणी जमीनमालकाने आपल्या हद्दीत घ्यावं, असा हक्क त्यात सांगितला आहे. नदीत पाझरायला निघालेलं भूजल काठापर्यंत येईतो ठराविक पात्रात नसतं, आणि काठ ओलांडताच असतं. एकाच पाण्याची मालकी एका मीटरच्या अंतरात बदलते.

लवादाच्या काळी भूजलाचा अंदाज कठीण होता, ही सबब समजण्यासारखी आहे. पण विहिरीतून काढलेलं पाणी शेवटी कुठल्यातरी नैसर्गिक निचऱ्यातून कमी होतं, हे चार्ल्स थाइस यांनी 1940 मध्येच स्पष्ट मांडलं होतं. उपसा सुरू झाल्यावर काही काळ साठा आटतो, आणि मग नदीला जाणारा पाझर घटू लागतो. गंगेच्या बाबतीत आज हाच प्रश्न ऐरणीवर आहे. आयआयटी खरगपूरचे अभिजित मुखर्जी आणि सहकाऱ्यांनी 2018 मध्ये मांडलं की भूजलउपशामुळे 1970 च्या दशकापासून गंगेला मिळणारा पाझर सुमारे 59 टक्क्यांनी घटला. 2025 मध्ये आयआयटी रुडकीच्या संशोधकांनी पाण्यातल्या ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून मैदानी भागात गंगेचा उन्हाळी प्रवाह मुख्यतः भूजलावर चालतो असा निष्कर्ष काढला, पण भूजल गंभीरपणे घटल्याचं चित्र मान्य केलं नाही. घट किती, यावर मतभेद आहे. नदी कशावर चालते, यावर नाही. असे मतभेद मिटवायचे तर पात्रातच, पट्ट्यापट्ट्याने, दर वर्षी त्याच महिन्यात केलेली मोजमापं हवीत.

कोणी म्हणेल की आपल्याकडच्या बहुतेक मोठ्या नद्या आता धरणांच्या विसर्गावर आणि शहरांच्या सांडपाण्यावर चालतात. तिथे पाझर शोधून उपयोग काय? भीमेसारख्या नदीच्या मुख्य प्रवाहात हे काम खरोखर गुंतागुंतीचं होईल. पण धरणाचं आणि नळाचं पाणी उघड्यावर साठल्याने रेडॉन गमावून आलेलं असतं. ते नदीत वाढलं तर प्रवाह वाढतो, रेडॉन मात्र विरळ होतो. त्यामुळे मानवी भर आणि जमिनीचा पाझर हे दोन वेगळे काढायला रेडॉन अडथळा नसून मदत आहे. शिवाय सुरुवात मोठ्या नदीपासून करण्याचं कारणच नाही. उपनद्या, ओढे आणि पूर्वी बारमाही असून आता फेब्रुवारीत आटणारी पात्रं आधी घ्यावीत.

महाराष्ट्रात यासाठी नवी संस्था उभारावी लागणार नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजतेच. त्यातल्या नदीकाठच्या विहिरींत रेडॉन आणि क्षार मोजले की भूजलाची बाजू तयार होईल. केंद्रात जल आयोग आणि भूजल मंडळ वेगवेगळी चालतात आणि ती दोन्ही एकत्र करा असं मिहिर शहा समितीने 2016 मध्येच सुचवलं होतं. राज्यात मात्र नदीच्या पाण्याचं नियमन करणारं महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण हेच भूजल अधिनियमाखालचं राज्य भूजल प्राधिकरणही आहे. दोन्ही अधिकार एकाच हाती आहेत. त्या प्राधिकरणाने दर उन्हाळ्यात, एप्रिल-मे महिन्यांत, निवडक उपनद्यांची रेडॉन-पाहणी करून ती प्रसिद्ध करावी, आणि ज्या पट्ट्यात नदी भूजलावर चालते असं सिद्ध होईल, त्या पट्ट्यातल्या नव्या विंधनविहिरीची परवानगी नदीच्या पाण्याची परवानगी समजूनच द्यावी.